फ्रेंच शिकल्यावर सरकारी नोकरीला उपयोग होतो का? खानापूर तालुक्यातून विचारतेय

मलप्रभाकाठची

नमस्कार. बरेच दिवस इथं नुसतं वाचायलेय, आज पहिल्यांदा लिहितेय.

मी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढं बेळगावात पीयूसी (अकरावी-बारावी) आणि बी.कॉम. डिग्री होऊन वर्ष झालं. रोज सकाळच्या बसनं बेळगावला अभ्यासिकेत येते, संध्याकाळच्या बसनं परत. एसडीए, एफडीए (राज्य सरकारातल्या कारकुनाच्या जागा), तलाठी, बँक, जे निघेल त्याचा फॉर्म भरते. दोनदा अगदी थोडक्यात राहिलं.

अभ्यासिकेतल्या एका मैत्रिणीनं शहरातल्या एका क्लासात फ्रेंच सुरू केलंय. तिला तिथं सांगितलंय की फ्रेंच आलं की परराष्ट्र खातं, दूतावास, विमानतळ अशा सगळीकडं सरकारी जागा असतात आणि स्पर्धा कमी असते. तीन महिन्यांचे अठरा हजार. बाबांना सांगितलं तर म्हणाले, यंदाच्या काजूचे पैसे आलेत, तुला पाहिजे असतील तर घे. ते लगेच हो म्हणाले म्हणूनच मला जास्त भीती वाटायलीय. पैसे त्यांच्या कष्टाचे आहेत.

माझं कन्नड म्हणाल तर बोलते, बाजारात, बसमध्ये अडत नाही. दहावीला तिसरी भाषा होती. पण निबंध लिहायला बसले की ओत्तक्षरं (कन्नडातली जोडाक्षरं) चुकतात आणि ओळी पुढं सरकत नाहीत.

फ्रेंच घेऊ का? ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनी सांगा.

निपाणीचे_मास्तर

बाळ, तू प्रश्न विचारलास तेव्हाच उत्तर अर्धं लिहिलंस. शेवटून दुसरा परिच्छेद पुन्हा वाच.

तू जे फॉर्म भरतेस त्यातल्या एकाही परीक्षेत फ्रेंचचा एक गुण नाही. कन्नड मात्र जवळजवळ प्रत्येक ठिकाणी दारातच उभं आहे. तलाठ्याच्या भरतीत सक्तीची कन्नड परीक्षा १५० गुणांची, त्यात किमान ५० पाहिजेत. ते नसतील तर बाकीचे पेपर कितीही चांगले जावोत, उपयोग नाही. बँकेच्या क्लार्क भरतीत ज्या राज्यातून अर्ज करशील त्या राज्याची भाषा येते का, हे पाहतात. केएएसच्या, म्हणजे कर्नाटक प्रशासकीय सेवेच्या, मुख्य परीक्षेतसुद्धा कन्नडचा पेपर पात्रतेचा आहे.

मी निपाणी भागात तीस वर्षं हायस्कूलला शिकवलं. मराठी माध्यमाची किती हुशार मुलं या एका पेपरात अडकली, ती नावानिशी आठवतात. गणित पक्कं, सामान्यज्ञान पक्कं आणि कन्नडात ४२ किंवा ४४. त्यांच्या घरी निकाल सांगायला जाताना माझे पाय जड व्हायचे, कारण ते विद्यार्थ्यांचं नापास होणं नव्हतं. आम्ही शाळेत तिसऱ्या भाषेला तिसऱ्या दर्जाची वागणूक दिली, त्याचं ते फळ होतं.

कन्नड शिकलं म्हणजे मराठी सोडली असं नाही. सीमाप्रश्नाबद्दल तुझ्या घरी जे मत असेल ते असू दे, माझंही पक्कं मत आहे. पण माझी आई कन्नड मुलखातून आलेली, ती जात्यावर दोन्ही भाषांत ओव्या म्हणायची. भाषा येणं हे आपल्या पदरचं धन आहे.

अठरा हजार राहू देत. रोज एक कन्नड अग्रलेख हातानं उतरवून काढ. तीन महिन्यांत ओत्तक्षरं तुझ्या बोटांत बसतील.

मार्कंडेय_ते_सेन

मास्तरांच्या म्हणण्यात काही भर घालते. मी टिळकवाडीची, पुण्यात फ्रेंचमध्ये एम.ए. केलं, आता शिकवते. माझं पोट या भाषेवर चालतं, त्यामुळं मी फ्रेंचच्या विरोधात बोलणार नाही. पण अर्धवट माहितीवर कुणी पैसे भरले की मला फार लागतं.

आधी खरे दरवाजे कोणते ते सांगते.

परराष्ट्र मंत्रालयात दुभाष्यांचा वेगळा संवर्ग आहे. त्यात फ्रेंच आहे. जागा अगदी मोजक्या, कधीतरी निघतात आणि तिथं तीन महिन्यांचा कोर्स नव्हे तर त्या भाषेतली पदवी आणि एका भाषेतून दुसरीत तिथल्या तिथं बोलण्याचं कसब लागतं. दुसरा दरवाजा अध्यापनाचा. एम.ए. फ्रेंच किमान ५५ टक्क्यांनी, राखीव प्रवर्गाला ५०, मग यूजीसी-नेट ही प्राध्यापकांसाठीची पात्रता परीक्षा. नेटमध्ये फ्रेंच हा स्वतंत्र विषय आहे. त्यावर सरकारी विद्यापीठात, कॉलेजात सहायक प्राध्यापक होता येतं. आपल्या कर्नाटकात पीयूसीला भाषा म्हणून फ्रेंच घेता येतं, जसं मराठी घेता येतं, त्यामुळं पीयू कॉलेजांना शिक्षक लागतात. पण त्या जागा बहुतेक खासगी कॉलेजांत आणि मोठ्या शहरांत.

दूतावासाबद्दल मोठा घोटाळा असतो. दिल्लीतल्या फ्रेंच दूतावासात नोकरी लागली तर ती भारत सरकारची नोकरी नव्हे. ती चांगली असेल, पण पेन्शन, सेवापुस्तिका, बदली हे जे आपल्या डोक्यात 'सरकारी' म्हटल्यावर येतं ते तिथं नाही.

आता भाषा किती शिकावी लागते ते. फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाची डेल्फ नावाची प्रमाणपत्रं असतात. ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत्या पायऱ्या, वर डाल्फच्या सी१ आणि सी२. प्रत्येक डेल्फ १०० गुणांची: ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी २५. पास व्हायला ५० पाहिजेत आणि कुठल्याही एका भागात ५ पेक्षा कमी चालत नाहीत. एकदा मिळालं की जन्मभर चालतं. शून्यापासून ए१ ला साधारण ८० ते १०० तास शिकवणी लागते. बी२, म्हणजे जिथून नोकरीचं बोलणं सुरू होतं, तिथं पोचायला साधारण साडेपाचशे ते साडेसहाशे तास. तीन महिन्यांत रोज एक तास बसलीस तर ए१ होईल. त्यावर कुणी नोकरी देत नाही, पण भाषा आवडते का नाही हे मात्र नक्की कळतं.

डेल्फची परीक्षा अलियाँस फ्राँसेज या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेच्या केंद्रांतून होते. आपल्याला जवळ म्हणजे पणजी किंवा पुणे.

हलगा_बायपास

यूपीएससीवाल्यांसाठी एक. बऱ्याच जणांना वाटतं फ्रेंच आलं तर परराष्ट्र सेवा मिळते. तसं नाही. रँकवर आणि तुमच्या पसंतीवर सेवा मिळते, त्यानंतर प्रशिक्षणात परदेशी भाषा नेमून देतात. आधी फ्रेंच येत असल्याचा गुण नाही. पूर्वी फ्रेंच साहित्य वैकल्पिक विषय म्हणून होतं, तेही आता यादीत नाही. मराठी साहित्य आहे, दोन पेपर मिळून ५०० गुण. मुख्य परीक्षेचे पेपर मराठीत लिहिता येतात. तेव्हा यूपीएससीला उपयोगी पडणारी भाषा तुमच्या घरातच आहे.

आणि एसएससीची (दहावी नव्हे, केंद्राचा कर्मचारी निवड आयोग) जीडी कॉन्स्टेबल परीक्षा २०२४ पासून मराठीत आणि कन्नडातही देता येते. ज्यांना केंद्राच्या फौजफाट्यात जायचंय त्यांनी हे लक्षात घ्या.

मलप्रभाकाठची

सगळ्यांचे आभार. मास्तर, उद्यापासून अग्रलेख. ताई, एक विचारू? क्लासवाले म्हणतात की आमचं सर्टिफिकेट 'आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त' आहे. म्हणजे डेल्फच का?

उद्यमबागचा_टर्नर

अक्का, थांब. पैसे भरायच्या आधी हे वाच.

मी उद्यमबागला मशिन शॉपमध्ये आहे. चार वर्षांपूर्वी मीपण असाच एका क्लासला गेलो होतो. नाव घेत नाही. मला हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) जायचं होतं. तिथं विमानाचे पार्ट बनतात, एअरबसला जातात, एअरबसचं मुख्यालय फ्रान्समध्ये तुलूझला. म्हटलं, फ्रेंच आलं तर आपला अर्ज वर राहील. ड्यूटी संपली की अंगावरच्या कुलंटच्या वासासकट वर्गात जाऊन बसायचो.

सहा महिन्यांनी सोनेरी काठाचं सर्टिफिकेट मिळालं. इंटरव्ह्यूला घेऊन गेलो. समोरच्या साहेबांनी ते उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, लेव्हल कुठली? मला लेव्हल म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. कागदावर कुठंच ए१ नाही, बी१ नाही, नुसतं 'डिप्लोमा'. मग त्यांनी तो कागद बाजूला ठेवला आणि मायक्रोमीटर हातात दिला. ड्रॉइंग वाचायला लावलं, ते मला आलं. नोकरी लागली ती त्याच्यावर.

माझे सहा महिने वाया गेले म्हणणार नाही, चार वाक्यं अजून येतात. पण तो कागद बनवून देणाऱ्याला माहीत होतं की तो कुठं चालत नाही, आणि मला सांगितलं नाही. याचा राग आजपण आहे.

त्यामुळं क्लासवाल्यांना एवढंच विचार: डेल्फच्या परीक्षेला तुमची किती पोरं बसली? कुठल्या केंद्रावर? कुठली लेव्हल? सरळ उत्तर आलं तर विचार कर.

मार्कंडेय_ते_सेन

टर्नर दादांनी माझं काम केलं. हाच प्रश्न विचारायचा. 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द कुणीही छापू शकतो.

फुकटात चव घ्यायची असेल तर टीव्ही ५ माँदच्या संकेतस्थळावर पातळीप्रमाणे धडे आहेत. आरएफआय या फ्रेंच रेडिओवर सोप्या फ्रेंचमध्ये बातम्या लागतात. महिनाभर रोज अर्धा तास दे. त्यानंतरही बसमध्ये आपोआप कानाला लावावंसं वाटलं तर पुढं जा.

आणि एक सांगते, कारण हे मराठी मुलांना कुणी सांगत नाही. आपल्याला फ्रेंचमध्ये काही गोष्टी आयत्या मिळतात. इंग्रजी माध्यमाची मुलं जिथं अडखळतात तिथं आपण मराठीचा हात धरून जाऊ शकतो. 'तू' आणि 'तुम्ही' मधला फरक त्यांना पाठ करावा लागतो, आपण तो जन्मापासून पाळतो. निर्जीव वस्तूला लिंग कसं, हा प्रश्न आपल्याला पडतच नाही, आपली खुर्ची 'ती' आहे, पलंग 'तो' आहे.

सगळ्यात गंमत मला वाटली ती ही. फ्रेंचमध्ये 'मी लिहिलेलं पुस्तक' म्हणायचं तर 'ल लीव्र क झे एक्री', पण 'मी लिहिलेली चिठ्ठी' म्हणायचं तर 'ला लेत्र क झे एक्रीत'. पुस्तक पुल्लिंगी म्हणून एक्री, चिठ्ठी स्त्रीलिंगी म्हणून एक्रीत. लिहिणारी मी, पण क्रियापदाचं रूप वळतं ते लिहिलेल्या वस्तूकडं. आता आपलं बघ: लिहिलेलं पुस्तक, लिहिलेली चिठ्ठी. अगदी तेच. फ्रान्समधली शाळकरी मुलं या नियमावर डोकं धरून बसतात. पुण्याच्या वर्गात आमच्या बाईंनी हा नियम फळ्यावर लिहिला तेव्हा सगळे गप्प झाले आणि मी बेळगावची मराठी माध्यमाची मुलगी मनातल्या मनात 'हे तर आपलंच की' म्हणाले. तोपर्यंत त्या वर्गात मला इंग्रजीवरून सारखं कमीपणा वाटायचा. त्या दिवशी गेला.

अवघड काय ते पण सांगते. घशातला र. शेवटची अक्षरं लिहायची पण म्हणायची नाहीत, हे. आणि आकडे. सत्तरला ते 'साठ-दहा' म्हणतात, ऐंशीला 'चार-वीस', नव्व्याण्णवला 'चार-वीस-एकोणीस'. ऐकताना पहिले सहा महिने टेलिफोन नंबर लिहून घेता येत नाही.

निपाणीचे_मास्तर

चार-वीस म्हणजे ऐंशी? अहो, मग ते आपल्या 'चार विसा'च झाल्या की! आमची आजी शेण्या मोजायची, 'तीन विसा नि धा' म्हणजे सत्तर. तिला शंभरपर्यंत सरळ मोजता येत नव्हतं, पण विसांनी पाचशेपर्यंत हिशेब चुकायचा नाही.

मार्कंडेय_ते_सेन

मास्तर, मी उद्या वर्गात हेच सांगणार. 'तीन विसा नि धा' म्हणजे त्यांचं 'सुआसाँत-दीस', मांडणी तीच, वर दहाच.

हिंडलग्याचा_फौजी

रामराम मंडळी. मी फौजेतनं रिटायर झालो. फ्रेंचचं बोलणं चाललंय म्हणून लिहितो, कारण मला ती भाषा पुस्तकात नाही, रस्त्यावर भेटली.

आमची पलटण शांतिसेनेत काँगोला गेली होती, गोमाला. तिथं राज्यकारभाराची भाषा फ्रेंच, त्या भागात बोलायला स्वाहिली. आमच्यातल्या कुणालाच दोन्ही येत नव्हत्या. गस्तीवर एक स्थानिक दुभाषी बरोबर असायचा. एक दिवस चौकीवर एक बाई आली, पाठीला कापडात बांधलेलं पोर. पोराचं अंग तव्यासारखं तापलेलं. दुभाषी दुसऱ्या गाडीबरोबर गेलेला. आम्ही पाचसहा जण तिच्याकडं नुसतं बघायलोय, ती आमच्याकडं बघायलीय.

आमचे एक कॅप्टन साहेब फौजेच्या कोर्सला फ्रेंच शिकून आलेले. ते पुढं झाले, गुडघ्यावर बसले आणि विचारलं, 'कोंब्याँ द झूर?' किती दिवस? ती म्हणाली, 'त्रुआ झूर.' तीन दिवस. एवढ्या दोन वाक्यांवर डॉक्टरला वायरलेस गेला. पोर वाचलं. आठवड्यानं ती बाई केळ्यांचा घड घेऊन चौकीवर आली होती.

तर पोरांनो, फौजेत भाषेला किंमत आहे. दिल्लीला संरक्षण मंत्रालयाची परदेशी भाषांची शाळा १९४८ पासून चालू आहे, तिथं फ्रेंच शिकवतात. पण लक्षात घ्या, आधी फौजेत भरती, मग भाषा. भरतीच्या मैदानावर कुणी फ्रेंच विचारत नाही, पळायला लावतात. बेळगावची पोरं मराठा सेंटरच्या सावलीत वाढलेली, तुम्हाला हे सांगायला नको.

गॅटिनोच्या_पुलावरून

मी मूळची येळ्ळूरची. सोळा वर्षं झाली कॅनडात, ओटावाला. हा धागा मैत्रिणीनं पाठवला. मला वाटतं 'फ्रेंच आलं की सरकारी नोकरी' ही जी गोष्ट आपल्याकडं फिरते ती मूळची इथली आहे, आणि वाटेत तिची अर्धी माहिती गळून पडलीय. म्हणून सविस्तर लिहिते.

कॅनडात १९६९ साली राजभाषा कायदा झाला. इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही केंद्र सरकारच्या समान भाषा. त्यामुळं केंद्र सरकारच्या बऱ्याच जागांवर 'द्विभाषिक' असा शिक्का असतो. प्रत्येक जागेला तीन अक्षरं लिहिलेली असतात: वाचन, लेखन, बोलणं. ए खालची पातळी, बी मधली, सी वरची. माझ्या जागेला बी-बी-बी लागत होतं. वरच्या पदासाठी सी-बी-सी. बढती हवी असेल तर बहुतेक वेळा बोलण्याची सी पातळी आडवी येते. द्विभाषिक जागेवर असणाऱ्याला वर्षाला ८०० डॉलर भत्ता मिळतो. तो कित्येक दशकं तेवढाच आहे. भत्त्यासाठी कुणी शिकत नाही, बढतीसाठी शिकतात.

मी फ्रेंच शिकले ती पस्तिसाव्या वर्षी, दोन पोरं सांभाळत. तोंडी परीक्षेत दोनदा नापास झाले. वाचन-लेखन लगेच निघालं, पण बोलताना 'मी असते तर असं केलं असतं' या वाक्यावर जीभ अडायची. तिसऱ्या वेळी परीक्षकबाईंनी विचारलं, लहानपणी कुठं राहत होता? मी येळ्ळूरच्या राजहंसगडाचं वर्णन केलं, पावसाळ्यात ढग कसे उतरतात, बासमती भाताचा वास शेतातून कसा येतो. त्या दिवशी एकही वाक्य अडलं नाही. पास झाले.

पण ही वाट कुणासाठी आहे ते नीट समजून घ्या. या नोकऱ्यांत नागरिक आणि कायमचा परवाना असलेले रहिवासी यांना आधी प्राधान्य असतं. २०२१ पासून दोघांना सारखं. भारतात बसून अर्ज करून सरकारी नोकरी लागेल हा विचार सोडून द्या. आधी इथं यावं लागतं. कायमच्या परवान्याच्या अर्जात फ्रेंचचे जादा गुण मिळतात हे खरं. पण तिथं डेल्फ चालत नाही, टीईएफ किंवा टीसीएफ या परीक्षांचं कॅनडासाठीचं रूप लागतं आणि निकाल दोनच वर्षं चालतो. एजंट लोक हा फरक सांगत नाहीत.

आणखी एक मनातलं. मी रोज पूल ओलांडते. नदीच्या अलीकडं ओटावा, पलीकडं गॅटिनो, तो क्विबेक प्रांत. पूल संपला की पाट्या बदलतात, दुकानातला नमस्कार बदलतो. कागलवरून निपाणीकडं येताना होतं अगदी तसंच. क्विबेकमध्ये १९७७ साली फ्रेंच भाषेचा कायदा झाला, त्यावरून आजही वाद होतात. मी लहानपणी बेळगावात पाट्यांवरून दगडफेक बघितलीय, बंदमध्ये शाळेतून चालत घरी आलेय. इथं ऑफिसात माझ्या शेजारी एक जण फ्रेंचमध्ये बोलतो, मी इंग्रजीत उत्तर देते, दोघांनाही दुसऱ्याचं कळतं. पहिल्यांदा हे घडलं तेव्हा मला रडू आलं होतं. आपल्याकडं रविवारपेठेत दुकानदार कन्नडात विचारतो, आई मराठीत सांगते, तो हिशेब मराठीत करतो, हे रोज चालायचं. आपल्याला ते कधी मोठं वाटलंच नाही.

बदामीचा_वाटाड्या

माझं थोडक्यात. मी मूळ शहापूरचा, बदामी, पट्टदकल, ऐहोळे, हंपी या भागात परदेशी पाहुण्यांना फिरवतो. फ्रेंच मंडळी हंपीला बरीच येतात. बी१ पर्यंत पणजीला जाऊन शिकलो, चोर्ला घाटातनं शनिवारी जायचं, रविवारी परत.

ही सरकारी नोकरी नाही. गाईडचं लायसन्स म्हणजे पगार नव्हे. पावसाळ्यात चार महिने रिकामे. पण परदेशी भाषा असलेल्या गाईडला दिवसाचा दर इंग्रजीवाल्यापेक्षा चांगला मिळतो, आणि बदामीच्या तिसऱ्या लेण्यात उभं राहून चालुक्यांच्या शिल्पांबद्दल फ्रेंचमध्ये बोलायला जो आनंद होतो तो मला कुठल्याही ऑफिसात मिळाला नसता. मलप्रभाताई, तुमचीच नदी पुढं आमच्याकडं येते. पट्टदकलची देवळं तिच्याच काठावर आहेत.

हलगा_बायपास

एक राहिलंच, आणि ते सीमाभागातल्या प्रत्येकाला ठाऊक पाहिजे. महाराष्ट्र शासनानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांना महाराष्ट्राच्या सरकारी भरतीत अर्ज करता येतो. १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. जाहिरातीत ही ओळ पार तळाला असते, म्हणून आपली पोरं वाचत नाहीत. मलप्रभाताई, तुमचं गाव यादीत आहे का बघा. असेल तर तुमची मराठी ही नुसती घरची भाषा राहत नाही, ती थेट परीक्षेची भाषा होते. दाखल्याला वेळ लागतो, जाहिरात आल्यावर धावू नका, आधीच काढून ठेवा.

मलप्रभाकाठची

चार दिवस सगळं परत परत वाचलं.

काल त्या क्लासात गेले होते. टर्नर दादांनी सांगितले ते तीनही प्रश्न विचारले. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, 'डेल्फ वगैरे तुम्ही नंतर स्वतः करायचं असतं, आमचा कोर्स वेगळा.' मी धन्यवाद म्हणून खाली उतरले. मैत्रिणीला पण सांगितलं. ती नाराज झाली, पण रात्री तिचा फोन आला की राहिलेला हप्ता ती भरणार नाही.

आमचं गाव ८६५ च्या यादीत आहे. बाबांना माहीत होतं, मला नव्हतं. दाखल्यासाठी कुठली कागदं लागतात ते विचारायला ते सोमवारी तहसीलला जाणार आहेत.

कन्नड अग्रलेख रोज उतरवायलेय. पहिल्या दिवशी अकरा ओळींत सतरा चुका. शेजारच्या कन्नड शाळेतल्या अक्कोर, म्हणजे बाई, म्हणाल्या, रात्री जेवण झाल्यावर वही घेऊन ये, मी बघते. पैसे घेणार नाही म्हणाल्या, त्यांच्या नातीला मी गणित शिकवायचं ठरलंय.

आणि फ्रेंच. ते सोडलं नाही. बसमध्ये येताना अर्धा तास फुकटचे धडे ऐकते. आता परीक्षेसाठी नाही, हे मला नीट कळलंय. काल घरी आकडे म्हणत होते, आजी विळीवर भाजी चिरत होती. 'कात्र-व्हँ' म्हणजे काय ग, म्हणाली. म्हटलं, चार विसा. तिनं विळीवरून मान वर केली आणि म्हणाली, 'मग ते लोक आपल्यासारकंच मोजत्यात की.'

ताई, एक विचारायचं होतं. ए१ चं एखादं जुनं पुस्तक मिळेल का? झेरॉक्स काढून परत करीन.

मार्कंडेय_ते_सेन

माझं पहिल्या वर्षाचं पुस्तक माळ्यावर आहे, समासात सगळीकडं मराठीत लिहिलेलं, ते तुला उपयोगीच पडेल. दिवाळीला बेळगावात येतेय. झेरॉक्स नको, पुस्तकच ठेव. पण कन्नडच्या पेपरची तारीख जवळ आली की ते कपाटात टाकायचं, हे आधी कबूल कर.

मलप्रभाकाठची

कबूल, ताई.

निपाणीचे_मास्तर

अकरा ओळींत सतरा चुका म्हणजे वाईट नाही. वहीचा फोटो इथं टाक, त्यातल्या कुठल्या चुका सारख्या होतात ते मी बघतो. आणि एकच चूक परत परत होत असेल तर ती सवय आजच मोड, गुण तिथंच जातात.